पहिल्या अर्थाचं उदाहरण

पहिल्याच भेटीत हिने माझ्या डोळ्यांदेखत एका बाईचा जीव घेतला, असं तो पुढे जन्मभर सांगत आला.

खोटं नव्हतं ते. फक्त ती बाई रबराची होती, कमरेपर्यंतच होती, आणि तिला सगळे आत्याबाई म्हणत. इमारतीतल्या कचेऱ्यांना वर्षातून एकदा प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सक्तीचं असे. त्या मंगळवारी ते तळमजल्याच्या हॉलमध्ये चाललं होतं, आणि ती चौथ्या मजल्यावरून खाली उतरली होती ती केवळ चहाच्या आशेने. जाता जाता दारातून डोकावली, तिथेच फसली.

"या, या! निळा स्वेटर... तुम्हीच या," आतून आवाज आला.

चाळीस डोकी वळली. आता पळायचं तरी कुठे?

गुडघ्यांवर बसून तिने आत्याबाईंच्या छातीवर तळहात ठेवले. समोर तो बसला होता. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर सैलसं घड्याळ. तो मोजत होता, "एक, दोन, तीन... जोरात. बाई, आत्याबाईंना गोंजारू नका, दाबा."

"त्यांना लागेल."

"आता कसलं लागतंय त्यांना?"

हॉल हसला. तिने जीव खाऊन दाबलं, पण दाब बरोबर पडला की आत्याबाईंच्या खांद्यावर लागणारा हिरवा दिवा काही लागेना. तीसपर्यंत मोजून त्याने गंभीरपणे हात जोडले.

"गेल्या. स्वभावाने चांगल्या होत्या हो."

दुसरी कुणी असती तर लाजून जागेवर जाऊन बसली असती. हिने खांद्यावरच्या पिशवीतून एक पांढरं कार्ड काढलं, दातांनी पेनाचं टोपण ओढलं आणि विचारलं, "गेलेला माणूस परत आला, की तुम्ही लोक काय म्हणता?"

"म्हणजे?"

"नाडी बंद होती, ती सुरू झाली. त्या क्षणी तुमच्या तोंडून काय निघतं? पुस्तकातलं नको मला. खरं सांगा."

त्याचं हसू मावळलं. एकदम नाही, हळूहळू... खिडकीतलं ऊन सरकतं तसं.

"ते गाडीवरच्यांना विचारा," तो म्हणाला. "मी आता अॅम्ब्युलन्सवर नसतो. मी आत्याबाईंबरोबर असतो."

आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं. ती मात्र कोरं कार्ड हातात धरून चहा न घेताच वर गेली, आणि त्याची बोटं किती लांब आहेत याचा विचार आपण का करतोय, हे तिला तिसऱ्या मजल्यापर्यंत कळलं नाही.

चौथ्या मजल्यावर शब्दकोशाची कचेरी होती. चार टेबलं, भिंतभर लाकडी कप्पे, आणि कप्प्यांत लाखभर कार्डं. काम अठरा वर्षं चाललं होतं आणि आता कुठे पाचव्या खंडात, 'प'पाशी, पोहोचलं होतं. इथला एक दंडक होता. उदाहरणाचं वाक्य आपल्या मनचं लिहायचं नाही. ते कुणीतरी आपल्या कामाच्या ओघात खरोखर वापरलेलं हवं. आणि ज्याचं वाक्य, त्याला कार्ड वाचून दाखवून खाली त्याची सही घ्यायची. कोशात नाव छापत नसत, फक्त व्यवसाय. पण सही नसेल तर वाक्य कचऱ्याच्या डब्यात.

हा दंडक मुख्य संपादकांचा. त्यांना कचेरीत 'पूर्णविराम' म्हणत, कारण ते बोलले की त्यापुढे कुणी काही बोलत नसे.

तिच्या वाट्याला 'पुन' आलं होतं. पुनरागमन, पुनरावृत्ती, पुनरुक्ती सुखरूप पार पडल्या आणि गाडं अडलं ते 'पुनरुज्जीवन'पाशी. शब्दाचे अर्थ दोन. पहिला, गेलेला जीव परत येणे. दुसरा, बंद पडलेली गोष्ट पुन्हा चालू होणे. दुसऱ्या अर्थाची कार्डं ढिगाने होती: नदीचं पुनरुज्जीवन, नाट्यगृहाचं, बुडालेल्या कारखान्याचं, एका समितीचं तर तीनदा. पहिल्या अर्थाचं एकही नव्हतं. माणसाच्या बाबतीत हा शब्द कुणी वापरतच नव्हतं.

"मग फुली," पूर्णविराम म्हणाले.

ज्या अर्थाने शब्द वापरणं लोकांनी सोडलं, त्या अर्थापुढे कोशात एक बारीक फुली पडत असे. फुली म्हणजे मृत.

"सर, जिवंत होण्याच्या अर्थालाच मृत म्हणायचं?"

"मी कुठे म्हणतोय? लोक म्हणतात. म्हणजे, लोक म्हणत नाहीत म्हणून." त्यांनी चष्मा पुसला. "महिनाअखेरच्या शुक्रवारी पाच वाजता पानं छापखान्यात जातील. तोवर एक कार्ड आण, फुली टळेल."

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. तिच्या मात्र ते मनाला लागलं. इतक्या माणसांच्या या जगात रोज कुणी ना कुणी परत येत असणार, आणि त्या येण्याला आपल्या कोशात फुली?

अॅम्ब्युलन्सचा तळ दोन गल्ल्या सोडून होता. ती दुसऱ्याच दिवशी तिथे गेली. गाड्या धुणाऱ्या माणसांना विचारलं.

"आम्ही होय? आम्ही ओरडतो, 'लागली, लागली!'" ड्रायव्हर म्हणाला.

"काय लागली?"

"नाडी हो, दुसरं काय!"

"पण पुनरुज्जीवन असं नाही म्हणत?"

"एवढं म्हणेपर्यंत पेशंट परत जाईल, बाई!"

सगळे खो खो हसले. तीही हसली. मग कुणीतरी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. "मास्तरांना विचारा. तेच आमच्यात शिकलेले."

मागच्या खोलीत एका लांब टेबलावर पाच रबरी माणसं ओळीने निजली होती, आणि मास्तर स्पिरिटच्या बोळ्याने त्यांची तोंडं पुसत होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता. खिडकीच्या काचेवरचं पाणी त्याच्या शर्टावर सावली होऊन सरकत होतं.

"आत्याबाईंची माफी मागायला आलात?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं मी आहे ते?"

"पेनाचं टोपण दातांनी उघडणारं दुसरं कुणी माझ्या ओळखीचं नाही."

तिने घाईघाईने टोपण तोंडातून काढलं.

शब्द तिथे मिळणार नाही हे तिला त्याच दिवशी कळलं. तो विषय निघाला की तो बोळा बदलायचा, बाटली शोधायचा, पावसाबद्दल बोलायचा. तरी ती शुक्रवारी गेली, मंगळवारी गेली, पुन्हा शुक्रवारी गेली... कचेरीत सांगायला शब्दाचं निमित्त होतं, आणि निमित्त असलं की माणूस स्वतःशीसुद्धा बिनदिक्कत खोटं बोलतो.

"तुमच्या कोशात सगळे शब्द आहेत?" एकदा त्याने विचारलं.

"'प'पर्यंत."

"म्हणजे 'हसणे' नाही?"

"'ह' यायला अजून सहा वर्षं आहेत."

"अरेरे... मग सहा वर्षं तुम्ही हसायचं नाही?"

ती हसली. तो पुसायचं थांबून बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

"आणि 'प्रेम'?" तो पुन्हा बोळ्याकडे वळत म्हणाला. "ते 'प'मध्येच येतं ना?"

"हो. त्याची उदाहरणं दोन खोके भरून आहेत."

"सगळी खरी?"

"सह्या आहेत," ती म्हणाली, आणि तिचे कान उगाचच गरम झाले.

परतताना बसमध्ये तिच्या ध्यानात येई की आपण मोजतोय. तीसपर्यंत आकडे, मग दोन लांब श्वास. खिडकीबाहेरचे दिवे, छत्र्या, ओले रस्ते, सगळं त्याच्या मोजण्याच्या लयीत मागे जायचं. उतरायचा थांबा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा कंडक्टरनेच सांगितलं, "ताई, उतरा आता, नाहीतर डेपोत झोपावं लागेल."

महिनाअखेरचा आठवडा उजाडला. मंगळवारी दुपारी ती गेली तेव्हा खोलीत तो नुसताच बसला होता. बोळा नाही, बाटली नाही.

"तुम्हाला ते वाक्य हवंय ना?" तो म्हणाला. "तुमचा शब्द आम्ही बोलत नाही, पण लिहितो. प्रत्येक फेरीनंतर एक कागद भरावा लागतो. त्यात असतो तो."

ती समोरच्या स्टुलावर बसली.

"दोन वर्षं झाली. भर दुपारची वेळ होती. घरातच कोसळले होते ते गृहस्थ. मी चाळीस मिनिटं दाबत होतो... हात भरून आले, तरी दाबत होतो. शेवटी थांबलो. कोपऱ्यात त्यांची मुलगी उभी होती, तुमच्याएवढी. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, 'थांबलात का?'" त्याने घसा साफ केला. "मग मी कागद भरला. 'चाळीस मिनिटे प्रयत्न करूनही पुनरुज्जीवन झाले नाही.' दुसऱ्या दिवशी गाडीत चढलो तर हात थरथरायला लागले. साहेबांना सांगितलं, मला शिकवायचं काम द्या. रबराची माणसं बरी. ती मेलेलीच असतात."

त्या क्षणी त्याच्या हातावर हात ठेवायला हवा होता, हे कुणालाही कळलं असतं.

आणि तिने काय करावं? अठरा वर्षांच्या दंडकात मुरलेल्या कचेरीची ती माणूस... तिच्या बोटांनी आपसूक कार्ड काढलं, वाक्य लिहिलं, तारीख घातली, व्यवसायाचा रकाना भरला आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं.

"इथे... सही."

त्याने कार्डाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पेन घेतलं आणि शांतपणे सही केली.

"झालं तुमचं काम," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

आपण काय केलं ते तिला कळलं बसथांब्यावर. ती ओल्या बाकावर मटकन बसली.

घरी ताईने सगळं ऐकून घेतलं. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, दोघी एकत्र राहत. इस्त्री बाजूला ठेवून ती म्हणाली, "थांब. माणूस काळजातलं सांगतोय, आणि तू त्याच्यापुढे सहीला कार्ड धरलंस?"

"सवयीने गं..."

"तू काय कुरिअरवाली आहेस?"

ती हसणार होती, पण रडली. ताईने तिला जवळ ओढलं.

"आवडतो ना तो?"

"खूप."

"मग कार्डाचं काय करणार?"

कार्ड तिच्या पिशवीत होतं. खरं वाक्य, कामाच्या ओघात लिहिलेलं, खाली सही. पूर्णविरामांनी डोळे झाकून स्वीकारलं असतं, फुली टळली असती. आणि मग पुढची पन्नास वर्षं, जो कुणी तो शब्द उघडेल त्याला त्या माणसाची सगळ्यात वाईट दुपार वाचायला मिळाली असती.

बुधवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी ती तळावर गेली आणि कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं.

"हे कोशात जाणार नाही. तुमचं आहे, तुमच्याकडेच राहू दे. आणि... मला माफ करा. मी मूर्ख आहे."

"मग फुली?"

"पडू दे."

"शब्द मरू देणार?"

"एकच अर्थ," ती म्हणाली. "शब्दांचं काय, शब्द पुष्कळ आहेत माझ्याकडे. तुम्हाला मी दुखवलं, ते मला सहन होत नाही."

त्याने कार्ड उचललं, बराच वेळ वाचलं. मग व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे तुम्ही 'अॅम्ब्युलन्स सेवक' लिहिलंय. मी प्रशिक्षक आहे."

"लिहिताना विचार नाही केला. मला तुम्ही... तेच वाटता."

उत्तराची वाट न बघता ती निघाली. तिला वाटलं, हेच शेवटचं. रस्ता ओलांडताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. खिडकीत तो तसाच उभा होता, कार्ड हातात धरून.

गुरुवारी कुणीतरी वर येऊन सांगितलं की तळमजल्यावरचं दुसऱ्या तुकडीचं प्रशिक्षण रद्द झालंय, मास्तर नाहीत. कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हतं. तिने दिवसभर मुद्रितं तपासली आणि एकाच पानावर चार चुका तशाच सोडल्या. पूर्णविरामांनी पाहिल्या आणि, नवलच म्हणायचं, बोलले नाहीत.

शुक्रवार. साडेचार वाजले. पानं दोरीने बांधून टेबलावर तयार होती, वरच्या पानावर 'पुनरुज्जीवन'. छापखान्याचा माणूस दारात उभा होता. पूर्णविरामांनी लाल पेन उघडलं.

"काही मिळालं?"

"नाही, सर."

"बघ हं... फुली एकदा छापली की पन्नास वर्षं पुसता येत नाही."

"घाला, सर."

पेनाचं टोक कागदाला टेकणार, एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. लिफ्ट बंद होती बहुतेक. दार उघडलं आणि तो आत आला. शिकवायच्या कपड्यांत नव्हता, गाडीवरच्या गणवेशात होता. घामाने निथळत होता, केस कपाळाला चिकटलेले, गुडघ्यांवर धूळ. त्याने टेबलाच्या कडेला धरून आधी दम घेतला.

"कार्ड..." तो म्हणाला. "कोरं कार्ड आहे का?"

तिने पुढे केलं.

"लिहा. 'सातव्या मिनिटाला नाडी लागली. पुनरुज्जीवन यशस्वी.' आत्ताच कागद भरून आलोय. एक शिंपी होते, कापड बेततानाच कोसळले होते." तो थांबला, आणि त्याचे डोळे एकदम भरून आले. "शुद्धीवर आल्यावर काय म्हणाले ठाऊक आहे? 'माझी कात्री कुठेय?'"

तिच्या हातून कार्डावर शाई सांडता सांडता राहिली. वाक्य, तारीख. व्यवसायाच्या रकान्याशी ती थांबली, त्याच्याकडे पाहिलं.

"जे आधी लिहिलं होतंत, तेच," तो म्हणाला.

त्याने सही केली. पूर्णविरामांनी कार्ड नाकाशी धरून तपासलं.

"सही वाकडी आहे."

"सर, सात मिनिटं दाबत होतो..."

"मी कुठे नाही म्हणतोय? खरी आहे, एवढं पुरे." त्यांनी लाल पेन बंद केलं, वाक्य स्वतःच्या हाताने पानाच्या समासात उतरवलं आणि गठ्ठा छापखान्याच्या माणसाच्या हाती दिला. मग घड्याळाकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "चला, आपण सगळे चहा घेऊन येऊ. खाली." आणि 'सगळे' या शब्दात कोण कोण येत नाही, ते त्यांनी डोळ्यांनीच दाखवलं.

खोली रिकामी झाली. पाऊस उघडला होता. कप्प्यांच्या पितळी मुठींवर उन्हाचे ठिपके पडले होते.

"हात थरथरत होते?" तिने विचारलं.

"आधी खूप. मग तुमचा तो 'व्यवसाय' आठवला. म्हटलं, बाईंनी लिहिलंय तर असेल." तो हसला. "नाडी लागली ना, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आणि पहिला विचार काय आला सांगू? त्यांच्या घरच्यांचा यायला हवा होता. पण आला तुमचा. की हे आधी तुम्हाला सांगायचं... आता मंगळवार-शुक्रवारचं निमित्त संपलं तुमचं. पण मला तुम्ही रोज हव्या आहात. निमित्ताशिवाय. माझं प्रेम आहे तुमच्यावर."

तिची बोटं पिशवीकडे गेली. खरंच गेली! तो बघतच राहिला.

"सही लागेल?" त्याने विचारलं.

तिने पिशवी खांद्यावरून काढून टेबलाखाली सारली, पायाने आणखी मागे ढकलली, आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मंगळवारी जे करायला हवं होतं, ते आज केलं.

"हे वाक्य मी कुणाला देणार नाही," ती म्हणाली.

सहा वर्षांनी 'ह'चा खंड निघाला. त्यात 'हसणे' या शब्दाखाली एक उदाहरण आहे: 'ती हसली की समजायचं, भांडण मिटलं.' व्यवसाय, अॅम्ब्युलन्स सेवक. त्या वाक्यावर सही करायला तो दोन दिवस तयार नव्हता. म्हणत होता, घरातलं बोलणं कामाच्या ओघातलं कसं धरता येईल? यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन आला, कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पेन दे... पण टोपण दातांनी उघडू नकोस."

ती हसली, आणि त्याने सही केली.